एक वही, हजार हात

दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजारात १९९५ पर्यंत सौदा तोंडी व्हायचा आणि भांडण वहीवरून. घोळक्याच्या मधोमध उभा असलेला तरवणीवाला एका दमात दोन भाव ओरडायचा, एक घ्यायचा आणि एक विकायचा. समोरच्याने होकार दिला की सौदा पक्का. दोघंही आपापल्या चोपडीत नाव, नग, भाव खरडायचे आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. सही नाही, पावती नाही, साक्षीला फक्त आजूबाजूचा गोंगाट. बाजार उठल्यावर गुमास्ते दोन्हीकडच्या चोपड्या ताडून बघायला बसत तेव्हा कळायचं, की याने शंभर शेअर लिहिलेत आणि त्याने लिहिलेलेच नाहीत. किंवा दोघांनीही लिहिलेत, पण दोघांनीही ‘विकले’ म्हणून. न जुळलेल्या अशा सौद्याला बाजार ‘वांधा’ म्हणायचा. मधल्या वेळात भाव हलला असेल, तर वांध्याचा निकाल कुणाच्या तरी खिशातून लागायचा.

मग प्रत्येकाची वेगळी चोपडी ठेवण्यापेक्षा मधोमध एकच मोठी वही का ठेवली नाही? कारण एका वहीवर एका वेळी एकच हात चालतो. बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबलेल्या बाजारात कुणी धंदा करत नाही.

संगणकाच्या जगातही नेमका हाच पेच आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं समांतर धावत असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. हे थ्रेड एकाच माहितीला हात घालतात. एक वाचत असतो, दुसरा खोडत असतो, तिसरा नवं लिहीत असतो. कितीही हात एकदम पडले तरी जिचा हिशेब बिघडत नाही, अशी माहितीची मांडणी म्हणजे थ्रेड-सेफ डेटा स्ट्रक्चर. तिचा इतिहास सांगताना सगळे हॉलंड आणि कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात. मला तो कॉटन ग्रीनपासून सांगावासा वाटतो. मुंबईच्या बाजाराने संगणकशास्त्राला काही शिकवलं, असा माझा दावा नाही. रेल्वेचा एक अपवाद सोडला, तर दोघांची गाठभेटही झालेली नाही. पण अडचण एकच असली की तिच्यातून सुटायच्या वाटाही मोजक्याच असतात, आणि त्यातली जवळपास प्रत्येक वाट हे शहर कागदावर आधी चालून गेलं होतं.

कोटाच्या आत टाऊन हॉलपुढच्या मैदानात, आज हॉर्निमन सर्कलची बाग आहे तिथे, एके काळी कापसाच्या गाठींचे ढीग पडत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भर घालून नवी जमीन काढली, तिच्यावर गोदामं बांधली आणि १९२० च्या दशकात कापूस तिथे आला. येताना जुन्या मैदानाचं ‘कॉटन ग्रीन’ हे नावही घेऊन आला. लालबाग-परळच्या गिरण्या हाकेच्या अंतरावर, पलीकडे बंदर, आणि गाठी गोदामात अशी ही सोय होती. सट्टा मात्र काळबादेवीचा मारवाडी बाजार सोडायला तयार नव्हता. १९३० च्या दशकात तिथे आर्ट डेको घाटाची कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली ती त्यामुळेच. माल शिवडीला आणि वायदा काळबादेवीला, अशी विभागणी पडली.

वायदा म्हणजे वचनांची साखळी. अ ने ब ला शंभर गाठी विकल्या, ब ने त्याच क ला विकल्या, क ने ड ला. गाठ गोदामातून हललेलीसुद्धा नाही, पण चार वह्यांमध्ये तिच्या नोंदी झाल्या आहेत. पूर्तीच्या दिवशी मधल्या एकाने हात वर केले की पुढचे सगळे कोसळणार. मुंबईने हे १८६५ मध्ये पोळून घेतलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअरांचा सट्टा फोफावला. युद्ध संपलं, कापूस पडला आणि १ जुलै १८६५ ला, म्हणजे शेअरांच्या वायद्यांची पूर्ती करायच्या दिवशी, प्रेमचंद रायचंदांसकट बाजारातले भले भले बुडाले. वह्या खोट्या नव्हत्या. प्रत्येकाच्या वहीत जमा-नावे चोख जुळत होतं. पण सगळ्या वह्या एकत्र मांडून बघणारं कुणी नव्हतं.

पुढची पन्नास वर्षं संस्था निघत राहिल्या. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन आली, १८९३ मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज. नियम ज्याचे त्याचे होते. पहिल्या महायुद्धात सट्ट्याने इतकं डोकं वर काढलं, की १९१८ मध्ये सरकारने कॉटन कॉन्ट्रॅक्ट्स कमिटी नेमली, मग तिचं बोर्ड झालं आणि शेवटी १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे तिचे मोठे आधारस्तंभ. १९२२ च्या बॉम्बे कॉटन कॉन्ट्रॅक्ट्स कायद्याने तिच्या हाती कापसाच्या वायद्याची सूत्रं आली.

या संस्थेचं खरं काम तिच्या क्लिअरिंग हाऊसमध्ये चालायचं. रिंगणात कुणी कुणाला काय विकलं, हे तिथे कुणी टिपत नसे. रिंगणात चोपड्या वेगळ्याच राहिल्या. पण ठरल्या मुदतीला प्रत्येक सदस्याने आपल्या सौद्यांचा तक्ता क्लिअरिंग हाऊसला द्यायचा. तिथे सगळे तक्ते एकमेकांशी जुळवले जात आणि साखळीतले मधले दुवे गळून पडत. वरच्या उदाहरणात ब आणि क यांना गाठी बघायचंही कारण उरत नाही. त्यांनी फक्त भावातला फरक द्यायचा किंवा घ्यायचा. माल अ कडून सरळ ड कडे जातो. गाठ ३९२ पौंडांची, भाव ७८४ पौंडांच्या खंडीला, आणि बाकीचा सगळा खेळ वजाबाकीचा.

आजचा प्रोग्रॅमर ही रीत पाहताक्षणी ओळखेल. प्रत्येक थ्रेडला त्याची खासगी वही द्यायची, दिवसभर त्यात त्याने बिनधास्त लिहायचं, आणि सगळ्या वह्यांची बेरीज एकदाच, शेवटी करायची. कुणीच कुणाला अडवत नाही, म्हणून कामाचा वेग उत्तम मिळतो. किंमत एवढीच, की बेरीज होईपर्यंत खरा आकडा कुणालाच माहीत नसतो.

पण काही ठिकाणी खरा आकडा त्याच क्षणी लागतो. गोदामाचंच घ्या. समजा, गोदामाच्या रजिस्टरात ५०० गाठी शिल्लक आहेत. एक कारकून ५०० वाचतो, शंभर गाठी बाहेर पाठवतो आणि ‘४००’ लिहायला पेन उचलतो. तेवढ्यात दुसऱ्या दाराच्या कारकुनानेही ५०० वाचलेत. तो पन्नास गाठी सोडतो. पहिला ४०० लिहितो, दुसरा त्यावर काट मारून ४५० लिहितो. गोदामात आहेत ३५० आणि रजिस्टर म्हणतंय ४५०. दोघांचंही गणित बरोबर होतं, दोघंही प्रामाणिक होते, आणि तरी शंभर गाठी हवेत गेल्या. संगणकात ‘शिल्लक एकने कमी कर’ ही एक ओळ दिसते, पण यंत्र तीन पावलं टाकतं: वाचणं, वजा करणं, लिहिणं. दुसरा थ्रेड या तीन पावलांच्या मधे कुठेही घुसू शकतो. हजारदा चालवून बघितलं तर प्रोग्रॅम ठीक चालतो आणि हजार एकाव्या वेळी, ऐन गर्दीत, घोटाळा करतो. अशा चुका शोधणाऱ्यांना रात्री जागवतात त्या याच कारणाने. पुन्हा बघायला गेलं की चूक तिथे नसतेच.

गोदामवाल्यांचा उपाय सोपा होता: एक रजिस्टर, एक गोदामपाल, किल्ली त्याच्या कमरेला. हेच कुलूप. आणि कुलपाचं शास्त्र जिने पक्कं केलं ती रेल्वे कॉटन ग्रीनच्या दारातूनच जात होती.

हार्बर मार्गाचा कुर्ला ते रे रोड हा तुकडा १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाला. १९२५ मध्ये तो व्ही.टी.पर्यंत पोचला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्ही.टी.हून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने, कॉटन ग्रीनवरून. रूळ ही सगळ्यांची सामाईक मालमत्ता, आणि दोन गाड्यांनी एकाच वेळी एकाच जागी हक्क सांगितला तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून रेल्वेने मार्गाचे ब्लॉक पाडले. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. ती बाहेर पडल्याची खात्री झाल्याखेरीज मागच्या गाडीसाठी सिग्नलचा हात पडत नाही.

एकेरी मार्गावर तर याहून घट्ट बंदोबस्त असे. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने जोडलेली, आणि त्यांच्या पोटात धातूचे गोळे. एका बाजूने एक गोळा बाहेर काढला, की तो परत कुठल्याही एका यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नाही. हे नील्स बॉल टोकन यंत्र. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. रेल्वेतली माणसं त्याला नुसतं ‘गोळा’च म्हणत. धावत्या इंजिनातून वाकून, वेताच्या कडीत अडकवलेला गोळा उचलणारा फायरमन ज्यांनी पाहिलाय, त्यांना परस्परवर्जनाचा, म्हणजे ‘मी आत असताना तू बाहेर’ या तत्त्वाचा पाठ पुस्तकातून शिकायची गरज नाही.

एडस्गर डायक्स्ट्रा हे डच शास्त्रज्ञ १९६२-६३ च्या सुमारास याच प्रश्नाशी झगडत होते. एका संगणकात अनेक कामं सुरू आहेत, त्यांनी एकमेकांच्या पायात पाय अडकवू नये यासाठी काय करावं? त्यांनी सुचवलेल्या साधनाला नाव दिलं सेमाफोर, आणि ते घेतलं रेल्वेच्या हात दाखवणाऱ्या सिग्नलवरून. एक आकडा ठेवायचा. आत शिरणाऱ्याने तो एकने कमी करायचा, शून्य असेल तर झोपून राहायचं. बाहेर पडणाऱ्याने तो एकने वाढवायचा आणि झोपलेल्यांपैकी एकाला उठवायचं. आकडा एकपासून सुरू केला तर तो आपला गोळा झाला. दहापासून सुरू केला तर एकदम दहा जण आत. १९६५ च्या त्यांच्या टिपणातून ही कल्पना जगभर गेली आणि १९६८ मध्ये आयंडहोव्हनच्या त्यांच्या प्रणालीने ती प्रत्यक्ष चालवून दाखवली.

कुलूप सुरक्षित असतं, पण कंजूषही असतं. पाच मैलांच्या ब्लॉकमध्ये एकच गाडी धावते तेव्हा पावणेपाच मैल रूळ रिकामा पडून असतो. मुंबईला हे परवडणारं नव्हतं. १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने व्ही.टी. ते भायखळा या टापूत स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवले, देशात पहिल्यांदा. आता गाडी पुढे सरकली की रूळ स्वतःच सिग्नलला कळवायचे. ब्लॉक लहान झाले आणि एकामागोमाग एक लोकल सोडता येऊ लागल्या. रूळ तेच होते, नियमही तोच होता. कुलपाखाली ठेवलेला तुकडा तेवढा आखूड केला.

कुलपाच्या कंजूषपणाचं सगळ्यात ठळक उदाहरण मला रेल्वेच्या आरक्षण खिडकीत दिसतं. संगणक यायच्या आधी लांबच्या गाड्यांची आरक्षणं जाड रजिस्टरांत हाताने लिहिली जात. एका गाडीचं रजिस्टर एकाच कारकुनापुढे असणार, म्हणून त्या गाडीचं तिकीट त्याच खिडकीवर. शेजारची खिडकी ओस पडली तरी तिथे जाऊन उपयोग नाही, आणि आपल्या रांगेत तीनशे माणसं. रागाने लोक कारकुनाला शिव्या घालत, पण तो बिचारा रजिस्टराचं कुलूप होता. १९७३-७४ मध्ये पेर ब्रिंच हान्सेन आणि टोनी होअर यांनी ‘मॉनिटर’ नावाची रचना मांडली तिचं रूप अगदी या खिडकीसारखं आहे. माहिती आणि तिचा राखणदार एकाच पेटीत बंद, बाहेरच्याने माहितीला स्पर्श करायचा नाही, जे हवं ते खिडकीतून मागायचं, आणि आत एका वेळी एकच मागणी घेतली जाईल.

या रजिस्टरांत आणखी एक सापळा होता. परतीचं तिकीटही एकदम काढायचं, तर दोन रजिस्टरं लागणार. समजा, एका कारकुनाने जायच्या गाडीचं रजिस्टर धरून ठेवलंय आणि तो यायच्या गाडीच्या रजिस्टराची वाट बघतोय. दुसऱ्याने यायचं धरलंय आणि तो जायच्या रजिस्टराची वाट बघतोय. दोघंही शिस्तीचे, हातातलं सोडणार नाहीत. खिडक्या बंद होईपर्यंत दोघं तसेच बसतील. यालाच डेडलॉक म्हणतात. त्यावर सगळ्यात स्वस्त उतारा असा, की रजिस्टरांना क्रमांक द्यायचे आणि कुणीही लहान क्रमांक आधी उचलायचा. प्रोग्रॅमिंगमध्ये आजही पहिला सल्ला हाच मिळतो, आणि वर्दळीत पहिल्यांदा विसरला जातो तोही हाच.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर सीएमसी या सरकारी कंपनीने ‘इम्प्रेस’ ही आरक्षण प्रणाली दिल्लीत उभी केली आणि काही वर्षांतच ती मुंबईला आली. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. आज यात कुणाला नवल वाटणार नाही, पण त्या वेळच्या रांगेतल्या माणसाला ती क्रांतीच होती. रजिस्टर खिडकीपासून सुटलं, आणि कुलूप गाडीऐवजी तिच्यातल्या जागांपर्यंत खाली नेता येईल अशी सोय झाली.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांना हे उमगायला आणखी वेळ लागला. १९९६ मध्ये आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत हॅशटेबल नावाचा तक्ता होता, आणि तो थ्रेड-सेफ आहे असं अभिमानाने सांगितलं जाई. होताही, पण जुन्या आरक्षण खिडकीसारखा. एकाने हात घातला की अख्खा तक्ता बंद, नुसतं वाचायला आलेल्यालाही रांगेत उभं करायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगोचे प्राध्यापक डग ली यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत त्यांचा कन्करंट हॅशमॅप आला, त्यात तक्त्याचे सोळा भाग आणि प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप होतं. वाचणाऱ्याला तर बहुतेक वेळा कुलूपच लागत नसे. भायखळ्यापर्यंतच्या ब्लॉकचे तुकडे पाडले तसंच हे, फक्त ७६ वर्षांनी.

कुलूपच नको, अशीही एक वाट आहे. १९७० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांत एक नवी आज्ञा आली, तुलना करून बदलायची. तिचा अर्थ असा: मी आकडा वाचला तेव्हा ५०० होता. अजूनही ५०० च असेल तर ४०० कर, नसेल तर काहीच करू नको आणि मला सांग, मी पुन्हा वाचून येतो. तुलना आणि बदल हे एकाच झटक्यात, मधे कुणी शिरणार नाही. १९८६ मध्ये आयबीएमच्याच ट्रायबर यांनी या आज्ञेवर बिनकुलपाची चवड बांधली, १९९६ मध्ये मॅगेड मायकल आणि मायकल स्कॉट यांनी बिनकुलपाची रांग. पण इथेही खोच आहे, आणि ती सटोडियाला प्रोग्रॅमरआधी कळेल. सकाळी भाव ५०० होता, दुपारी बघितला तर ५०० च, म्हणून मधे काही घडलंच नाही असं मानणारा माणूस बाजारात टिकत नाही. मधे भाव ६०० ला जाऊन परत आला असेल, घेणारे-विकणारे सगळे बदलले असतील. आकडा तोच, त्यामागची परिस्थिती वेगळी. बिनकुलपाच्या रचनांमध्ये ही गल्लत इतकी नेहमीची, की तिला ‘एबीए’ असं खास नावच पडलं आहे. त्यावर उपाय म्हणून आकड्याला एक अनुक्रमांक जोडतात, प्रत्येक बदलाबरोबर वाढणारा.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक खोल घोळ होता आणि तो सोडवण्यात मुंबईचा एक धागा आहे. पवईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेऊन सरिता अडवे अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेल्या. अनेक प्रोसेसर असलेली यंत्रं तेव्हा नुकती बाजारात येत होती, आणि वेगासाठी ती यंत्रं लिहिण्याचा क्रम मागेपुढे करत. म्हणजे माल गोदामात ठेवून मग दारावर ‘माल तयार’ अशी पाटी लावली, तरी दुसऱ्याला पाटी आधी दिसणार आणि आत गेल्यावर गोदाम रिकामं. कोण काय आधी बघेल याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, आणि वाचायला दुर्बोध. १९९० मध्ये अडवे आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी प्रश्नच उलटा मांडला. प्रोग्रॅमरने समन्वयाच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात आणि बाकी कुठे दोन हात एकदम पडू देऊ नयेत. एवढं पाळलं, तर सगळं क्रमाने घडल्यासारखंच दिसेल अशी हमी यंत्राने द्यावी. मधे त्याने हवी ती उलथापालथ करावी. हा करार पुढे जावाच्या आणि सी++ च्या नियमांचा पाया झाला, आणि २०१८ चा केन केनेडी पुरस्कार अडवे यांना मिळाला. आपल्याकडे याची चर्चा फारशी झाली नाही. क्रिकेटमध्ये एखादा ‘मुंबईकर’ इतका दुर्लक्षित राहिला नसता.

आता पुन्हा बाजारात येऊ, कारण खरं नाट्य तिथेच घडलं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची (एनएसई) नोंदणी १९९२ ची. तिचे पहिले प्रमुख डॉ. आर. एच. पाटील. ३ नोव्हेंबर १९९४ ला वरळीच्या महिंद्र टॉवर्समधून तिथे शेअरांची उलाढाल सुरू झाली, ती रिंगणाशिवाय. देशभरचे दलाल उपग्रहाच्या तबकड्यांनी एका संगणकाला जोडलेले. ओरडणं नाही, तरवणीवाला नाही, चोपडी नाही. दलाल स्ट्रीट हसला, पण वर्षभरात उलाढालीत मागे पडला. मार्च १९९५ मध्ये त्यानेही ‘बोल्ट’ ही पडद्यावरची व्यवस्था आणली आणि जवळजवळ सव्वाशे वर्षांचं रिंगण ओस पडलं.

म्हणजे शेवटी एकच वही झाली, हजारो हातांसाठी. जे अशक्य म्हणून बाजाराने चोपड्या वेगळ्या ठेवल्या होत्या, ते शक्य कसं झालं? मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चतुर खेळी इथे आहे. हजार हातांना वहीपाशी येऊच दिलं नाही. एखाद्या शेअरची मागणी-पुरवठ्याची वही सांभाळणारं मॅचिंग इंजिन साधारणपणे एका वेळी एकच ऑर्डर घेतं. दारात रांग, आत एक लेखनिक, आणि तो लेखनिक इतका वेगवान की रांग साचायच्या आत संपते. नियमही सोपा आहे. चांगला भाव देणारा आधी, भाव सारखा असेल तर आधी आलेला आधी. वेगवेगळ्या शेअरांच्या वह्या वेगवेगळ्या लेखनिकांकडे देता येतात, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. बोल्ट चालायची ती टँडेम कंपनीची यंत्रंही याच वळणाची होती. त्यातल्या प्रोसेसरांना सामाईक स्मृती नसते. ते एकमेकांना निरोप धाडतात, एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत.

जुळणी यंत्रानेच केल्यामुळे दोन चोपड्या उरल्या नाहीत, आणि न जुळलेल्या सौद्याचा वांधा संपला. भांडण मात्र संपलं नाही. ते वहीवरून उठून रांगेत गेलं. सौदा कुणाचा हा वाद मिटल्यावर, दारात आधी कोण पोचलं हा वाद सुरू झाला. दलालांनी आपले संगणक भाडं भरून एक्स्चेंजच्याच आवारात ठेवायला सुरुवात केली. एनएसईच्या त्या व्यवस्थेत बाजाराची ताजी माहिती एकापाठोपाठ एक अशी वाटली जाई, त्यामुळे सकाळी जो आधी जोडला गेला त्याला ती आधी मिळे. यावर चौकशी झाली. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात सेबी या बाजार नियामकाने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. तोवर माहिती सगळ्यांना एकाच वेळी प्रसारित करण्याची पद्धत आली होती. मायक्रोसेकंदांच्या रांगेचा हा खटला वाचताना मला आरक्षण खिडकीबाहेर पहाटे चार वाजता वीट ठेवून नंबर लावणारा माणूस आठवतो.

सौदा यंत्रात जुळला तरी शेअर कागदाचाच होता. सह्या जुळेनात, प्रमाणपत्रं गहाळ होत, एकच शेअर दोघांच्या नावावर निघे. १९९६ मध्ये नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी सुरू झाली. पुढे अनेक वर्षं तिचं कार्यालय लोअर परळला होतं, कमला मिलच्या आवारात. गिरणीचा भोंगा जिथे वाजायचा तिथून देशाच्या शेअरांची मालकी हलू लागली. तिच्या नोंदीचा मूळ नियम असा, की एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा या दोन गोष्टी एकत्रच व्हाव्यात, नाहीतर दोन्ही होऊ नयेत. मधली अवस्था कुणालाही दिसता कामा नये.

कापसाची वाट थोडी वेगळी. १९६६ मध्ये कापसाच्या वायद्यांवर बंदी आली आणि तिथला गजबजाट ओसरला. पुढे दारं पुन्हा उघडली, २००३ मध्ये मुंबईत एमसीएक्स हा वायदे बाजार सुरू झाला आणि २०११ मध्ये त्याच्या पडद्यावर कापसाच्या गाठींचा वायदा आला. जुनी ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन आता कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाते. ती वेगवेगळ्या जातींच्या कापसाचे हजर भाव रोज जाहीर करते.

एक गोष्ट मात्र अजून जुन्याच पद्धतीची आहे. सौदा क्षणात जुळतो, पण पैसे आणि शेअर हातात पडायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजे जुन्या क्लिअरिंग हाऊसची संध्याकाळ. दिवसभर वेगाने लिहायचं आणि बेरीज नंतर करायची. बाजाराच्या भाषेत हे वलण. ते कधी चौदा दिवसांचं होतं, मग आठवड्याचं झालं, मग दोन दिवसांवर आलं. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरांसाठी ते एका दिवसावर आलं, जगातल्या बहुतेक मोठ्या बाजारांच्या आधी. २८ मार्च २०२४ ला २५ शेअरांसाठी त्याच दिवशी हिशेब पुरा करायची ऐच्छिक सोय सुरू झाली. ती सोय न घेणाऱ्यांची बेरीज अजून दुसऱ्या दिवशीच होते.